आमच्या चहाचा बंप

आमचं घर ग्लासगोला, चढावरच्या जुन्या बिल्डिंगमध्ये, अगदी वरच्या मजल्यावर. लिफ्ट नाही. हॉस्पिटलच्या लाँड्रीत उभं राहून राहून माझे गुडघे गेले, तरी जिना रोज चढते. बसून काय करायचं?

माळ्यावर एक पेटी आहे. काही वर्षांमागे युनिव्हर्सिटीतली एक मुलगी आली. आईबाप मराठी, दोघं डॉक्टर, हिचा जन्म इथलाच, म्हणून मराठी जरा मोडकी. म्हणाली, "आजी, तुमची घर उंच आहे. शहराची हवा मोजायला इथे नळी लावू द्या ना." ह्यांनी लगेच हो म्हटलं. घरात कोणी आलं-गेलं की ह्यांना बरं वाटायचं.

नळीचं तोंड वर धुराड्यापाशी. पंप तिथली हवा ओढून पेटीत आणतो. मी चौथी शिकलेली, पण तिने समजावलं ते कळलं. हवा आधी कोरडी करायची, मग तिच्यातून एक उजेड सोडायचा. कार्बन डायऑक्साइड तो उजेड गिळतो. पलीकडे कमी पोचला, म्हणजे गॅस जास्त. आणि पेटीच चुकत असेल तर? म्हणून शेजारी एक सिलिंडर, त्यात आधीच मोजलेली हवा. पेटी मधून मधून ती घेते आणि स्वतःला तपासते. वाण्याचा काटा वजन ठेवून बघावा तसं.

"मग आमच्या शेगडीचं पण धरते का ती?" ह्यांनी विचारलं.

"हो ना. वारा किचनकडून आला की सकाळी तुमची चहा दिसते. कॉम्प्युटरवरच्या रेषेला बंप येते, छोटा उंचवटा. ते मी काढून टाकते. मला शहर पाहिजे, तुमची चहा नको."

"चहा नको? मग उद्यापासून कॉफी टाकायला सांगतो हिला."

मागच्या उन्हाळ्यात हे गेले. छातीत दुखतंय म्हणाले, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत संपलं होतं. मुलगा कॉव्हेंट्रीहून आला. दहावं होईस्तोवर आमच्यात घरी चूल पेटवत नाहीत. इथली मराठी घरं पाळीपाळीने डबे आणायची, चहासुद्धा थर्मासमधून यायचा. हीटिंग तर उन्हाळ्यात बंदच.

एका सकाळी मुलगा म्हणाला, "आई, आता माझ्याकडे चल. हे घर विकून टाकू."

मला जायचं नव्हतं. त्याचं घर चांगलं, सून चांगली, पण तिथे मी पाहुणी. हे घर आम्ही दोघांनी केलं. सुरुवातीला भिंतींना ओल होती, हीटर एकाच खोलीत, तिथेच मुलाचा अभ्यास. ह्यांची बेकरीत रात्रपाळी, माझी लाँड्रीत दिवसाची. सकाळचा चहा तेवढा दोघांचा सोबत.

"इथे पडलीस तर कोणाला कळणार?" तो म्हणाला.

तेवढ्यात बेल वाजली. तीच मुलगी, खांद्याला हत्यारांची बॅग, धापा टाकत.

"सॉरी आजी, न सांगता आले. वारा रोज किचनकडूनच येतोय, पण सकाळची बंप नाही. पंप बिघडला वाटतं."

मग तिला हार घातलेला फोटो दिसला. एक बूट पायात, एक हातात, तशीच थांबली.

"आजोबा?"

"गेले," मुलगा म्हणाला. "म्हणून गॅस लावला नाही."

ती माझ्याजवळ खाली येऊन बसली. मी मुलाला म्हटलं, "बघ, कळलं ना कोणाला तरी?"

तो तिच्याकडे बघायला लागला. तिने मान हलवली. "नाही आजी. वारा फिरला की मला काही दिसत नाही. आणि मी रोज बघत पण नाही. दादा, आजींसाठी मशीनच्या भरवशावर राहू नका."

मला जरा लागलं. घर विकलं असतं तर तिची नळीही गेली असती, तरी तिने खरं तेच सांगितलं. मग मीही खरं ते बोलले.

"पडायचं तर तुझ्याकडेही पडेन. गुडघे तेच आहेत. तू रोज सकाळी फोन कर. नाही उचलला तर खालच्या मजल्यावरच्या बाईंना सांग, त्यांच्याकडे किल्ली ठेवते. जिना चढवेना झाला की मी आपणहून येईन. तोपर्यंत मला इथे राहू दे."

त्याने खिशातून फोन काढला.

"फोन किती वाजता करू?"

"चहाच्या वेळेला. मी किचनमध्येच असते."

दहावं झालं, तो गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गॅस लावला, आधण ठेवलं. फोन वाजला.

"काय करतेस?"

"चहा."

"वारा कुठला आहे?"

मी खाली दोरीवरच्या चादरी बघितल्या. "किचनकडचा."

"मग दिसेल तिला."

"दिसेल, आणि मग काढून टाकेल," मी म्हटलं. "जा आता, उशीर होईल कामाला."