मातीला सांगायचा शब्द

एखाद्या माणसाविषयी लिहावं इतका माझा अधिकार नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मीच पहिला, आणि लिहायचं म्हटलं की अजून हात अडखळतो. चुकलं तर क्षमा करा. पण बापूतात्यांविषयी दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही. लोक त्यांचं नावही दबक्या आवाजात घेतात.

इचलकरंजीत आमच्या कामगार वस्तीमागे लहान मुलांना पुरायची जागा आहे. तिथले खड्डे तात्या काढतात. मागावर कामाला नवं कुटुंब आलं, की थोड्याच दिवसांत तात्या त्यांच्या दारात उभे. चहा नको, पाणी नको. "पावणं, तुमच्यात आईला काय म्हणत्यात? आन् मातीला?" तेलंगणातला सांगायचा, अम्मा, मट्टी. बिहारचा, माई, माटी. ओडिशाचा, बोउ, माटी. तात्या ते शब्द पुटपुटत निघून जायचे.

कशासाठी, ते एकदा त्यांनीच मला सांगितलं. "लेकरू मातीकडं देताना तिला त्येच्या आईच्या नावानं हाक मारतो. बोउ, घे गं, म्हणतो. आन् लेकराला मातीचं नाव सांगतो. कुठं निघालंय ते कळाय पायजे की त्येला. न्हायतर भितंय."

माग दुरुस्त करणारा जॉबर त्यांची थट्टा करायचा. "तात्या, माझी आई मला निस्त्या शिव्या देती. त्या चालतील?"

"चालतील की. आवाज वळखीचा असला म्हंजे झालं."

सगळे हसायचे. बायका मात्र पोरांना आत ओढायच्या. "तू इचारून गेलास की घरात ताप येतो," असं एकीने तोंडावर सांगितलं. तात्या पुढच्या दाराकडे गेले. आणि कधी ना कधी, त्यातल्याच एखाद्या दारातून कुणीतरी पहाटे त्यांना बोलवायला यायचं.

गेल्या वर्षी माझी अक्का बाळंतपणाला आली. तिचं सासर चिकोडीकडचं, घरात कन्नड. बाळ दिवस भरायच्या आधीच झालं. दवाखान्यात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं. अक्काला घरी आणलं त्या संध्याकाळी तात्या आमच्या दारात आले. आई दार अडवून उभी राहिली.

"तात्या, हितं इचारायचं न्हाय."

"न्हाय इचारत, वैनी. बाळ कसं हाय बघाय आलतो."

आतून अक्का ओरडली, "आमच्यात आईला अव्वा म्हणत्यात! मातीला मण्णू! झालं? जावा आता!"

दारोदार शब्द मागत फिरणारा हा माणूस, पण त्यांनी दोन्ही कानांवर हात दाबले. "मी ऐकलं न्हाय. मला नगं सांगू, पोरी. पेटीपाशी जा, त्येला सांग. आदी त्येनं ऐकाय पायजे."

दुसऱ्या दिवसापासून अक्का पेटीपाशी बसू लागली. मी परीक्षेसाठी कोल्हापूरला वसतिगृहात परतलो. फोन केला की आई म्हणायची, बरं हाय, तू अभ्यास कर. मग ती फोन उचलेनाशी झाली.

शेवटचा पेपर संपल्यावर वडिलांचा फोन आला. बाळ आधीच गेलं होतं. माझी परीक्षा बुडेल म्हणून कुणी कळवलं नव्हतं.

"तात्यांनीच मातीला दिलं का?" मी विचारलं.

"व्हय. बाळाला हातात घेतलं आन् माझ्याकडं बघत ऱ्हायला. म्हणाला, त्या दिशी मी खरंच कान झाकलं हुतं. शब्द सांगा."

"मग?"



"अव्वा आन् मण्णू. दोन्ही मीच सांगितलं."