ड्यूटीचे अठराशे

मार्चचा पहिला सोमवार. दुर्गजवळच्या नेहरू नगरात, हायवेला लागून असलेलं माणसं पुरवणाऱ्या एका एजन्सीचं ऑफिस. मी मागितलेली रक्कम: एका ड्यूटीचे अठराशे रुपये. हजर तिघे. मी, एजन्सीचे मालक आणि कॉम्प्युटरवर बसलेल्या बाई.

मी वेल्डिंग तपासतो. लोखंड जिथं जोडलं, त्या जोडाच्या आत चीर आहे का, ते यंत्र लावून सांगतो. कुठल्याच कंपनीच्या पगारावर नाही. दुरुस्तीसाठी कारखाना थांबवला, म्हणजे शटडाऊन निघाला, की एजन्सी बोलावते, काम संपलं की घरी. रेट दरवेळी नव्यानं ठरतो.

मालक माझ्याच वयाचे, दुर्गच्या जुन्या मराठी घरातले. या हिंदी मुलखात माझं मराठी बोलणं ऐकून खूश झाले.

"अरे, मराठी का तुम्ही! बसा, बसा. मग तर घरचेच निघाले."

चहा सांगितला. मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?"

सांगितलं.

"हं."

हे 'हं' मी शाळेपासून ओळखतो. त्यानंतर माणूस तोच राहतो, बोलण्यातला 'तुम्ही' तेवढा जातो.

"हे पाह्य, अठराशे जास्त होते. आन् तुमच्या लोकांले सरकार देतेच ना सगळं? मग कोट्यातून नोकरी काहून नाही लागली तुले?"

बाईंची बोटं की-बोर्डवर थांबली. त्या हसल्या. मोठ्यानं नाही.

मी म्हणालो, "तपासणीचं सर्टिफिकेट समोर आहे. रेट बोला."

चहा आला. त्यांना कपबशी. बाईंना कपबशी. मला कागदी कप.

बाहेरच्यांना कागदीच देत असतील, असं मी मनाला सांगितलं. देत असतीलही. हेच तर आहे. शिवी दिली तर उलटून बोलता येतं. कागदी कपाला काय बोलणार? संशय आपणच घ्यायचा, आणि वर संशयी म्हणून नावही आपलंच. मी तो चहा प्यायलो. साखर जास्त होती.

कप रिकामा झाल्यावर मालक म्हणाले, "साहूनं तर पर डे पंधराशे म्हटलं. कालच. सोताच्या तोंडानं. तू विचार कर."

साहू माझ्यासारखाच तपासणारा. सेक्टर ६ मध्ये, कारखान्याच्या वसाहतीत, आमच्या मागच्या रांगेत राहतो. आजवरचे बहुतेक शटडाऊन आम्ही जोडीनं केले. एकानं तपासायचं, दुसऱ्यानं पुन्हा पाहायचं. त्याच्या डोळ्यांवर मी माझी सही करतो. आणि तो माणूस माझ्या मागून पंधराशेला गेला?

घरी येऊन हिशेब केला. शटडाऊनमध्ये दिवस बारा तासांचा. ड्यूटी आठ तासांची. म्हणजे दिवसाला दीड ड्यूटी. पंधराशे पर डे म्हणजे ड्यूटीला हजार. अठराशे मागणाऱ्याला हजार. आणि एकदा हजार घेतले की पुढची प्रत्येक एजन्सी पहिलं विचारणार, मागच्या कामाला काय घेतलं?

त्या आठवड्यात मार्केटमध्ये साहू दिसला. मी स्कूटर वळवली. त्यानंही मान फिरवली. बरोबर आहे, म्हटलं. चोर कसा डोळ्याला डोळा देईल?

बायको म्हणाली, "साहूभाऊशी बोलून काहून नाही राहिले तुम्ही?"

"त्यानं रेट पाडला."

"त्यानं सांगितलं तुमाले?"

"मालकानं सांगितलं."

"मंग मालकाचं खरं अन् साहूभाऊचं खोटं? न इचारता?"

मी बाहेर आलो. अंगणात उभा राहिलो. शेजारची म्हातारी तिच्या नातवाला विचारत होती, "पापा ड्यूटी से आ गए क्या?"

तिथंच उलगडा झाला. आमच्या सेक्टरमध्ये कोणी कामावर जात नाही. ड्यूटीला जातो. पगार ड्यूटीचा, खाडा ड्यूटीचा, लग्नाला यायचं नाही तर कारणही ड्यूटीचंच. साहू इथं जन्मला, इथं वाढला. साहू 'पर डे' म्हणणारच नाही. तो शब्द बाहेरचा. दिवस कितीही ताणता येतो, ड्यूटी ताणता येत नाही. म्हणून तर मालकाला ड्यूटी नको होती.

तसाच साहूकडे गेलो. तो दारातच उभा राहिला. आत या म्हणाला नाही.

"तूने पर डे पंद्रह सौ बोला?"

"मैं? और आपने जो चौदह सौ बोला?"

"कौन बोला?"

"सेठ बोला। पर डे चौदह सौ। मैं तब से सोच रहा हूँ, भैया पर डे कब से बोलने लगे। मेरा बाप ज़िंदगी भर ड्यूटी गया है। पर डे नहीं गया।"

मग तो बाजूला झाला. मी आत गेलो.

दुसऱ्या दिवशी दोघंही त्याच ऑफिसात. मालकानं वर पाहिलं.

"क्या साहूजी, यूनियन बना ली क्या?"

"नहीं सेठ, रेट सुनने आए हैं। एक साथ, एक मुँह से।"

मालक हसले, चहा सांगितला. चहा आला. साहूला कपबशी. मला कागदी कप.

साहूनं माझ्या कपाकडे पाहिलं, मग आपल्या. तो बाहेरचाच होता, माझ्याइतका. आता संशय उरला नाही. साहूनं कपबशी हळूच टेबलावर मागे सरकवली. प्यायला नाही.

मालक माझ्याकडे पाहून म्हणाले, "पर डे पंधराशे. तुले जमते त कर. रायपूरची माणसं तयार आहेत."

"ड्यूटीचे अठराशे," मी म्हणालो. "दोघांले सारखे. अन् मले 'तुम्ही' म्हणा."

"अरे, घरचा समजून म्हटलं."

"घरचा असतो त कपबशी आली असती."

बाई या वेळी हसल्या नाहीत. मालकही नाहीत. साहूला मराठी थोडकीच कळते. एवढं कळलं. तो उठला.

ते काम आम्हाला मिळालं नाही. रायपूरची माणसं आली, पर डेनं कामाला लागली. एप्रिलभर आम्ही दोघंही घरी होतो. साहूनं एकदाही म्हटलं नाही की जरा नमतं घ्यायला हवं होतं. मीही नाही.

आता रेट मी साहूच्या समोर बोलतो, साहू माझ्या समोर. एजन्सीचा फोन आला की स्पीकरवर. आडनाव मी आधीच सांगतो, 'हं' साठी थांबत नाही. आकडा तोच. ड्यूटीचे अठराशे. यापुढे वर जाईल, खाली येणार नाही.

त्या ऑफिसात शेवटी चुकते झाले ते एवढेच: दहा रुपये. मी दिले, साहूबरोबर निघताना, मालकाच्या टेबलावर ठेवून. पहिल्या दिवशी प्यायलो त्या कागदी कपातल्या चहाचे. दुसरा कप तिथंच होता, भरलेला.