झाकणाची ओटी

नेरुळला आम्ही राहायला गेलो तेव्हा तिथे रस्ते होते, रस्त्यांना दिवे होते, फक्त माणसं नव्हती. ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. आमची चार मजली इमारत, तिच्यासारख्या आणखी दोन, आणि पुढे रस्ता सरळ मोकळ्या माळावर जाऊन मातीत संपलेला. मी परळच्या चाळीत वाढलेली. नळावर हंडा लावून भांडायचं कसं, हे मला मुळाक्षरांच्या आधी आलं होतं. त्यामुळे स्वतःच्या घरात स्वतःचा नळ याचं मला इतकं अप्रूप, की पहिले काही दिवस मी काम नसताना उठून तोटी फिरवून यायची.

यांचा सूर वेगळा होता. फ्लॅटच्या पैशांत विकास शुल्क म्हणून एक रक्कम भरावी लागली होती, पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या मोठ्या वाहिन्यांसाठी. ती यांच्या घशात काट्यासारखी अडकली होती. "जिथे चिटपाखरू नाही तिथे गटारं बांधायला मी पैसे द्यायचे? बाजारात तुरी!" असं हे जेवताना म्हणत, बूट घालताना म्हणत, आणि ऐकायला कुणी नसलं तर मला परत सांगत. मी नळ चालू करून भांडी घासायला घेई, म्हणजे ऐकू येत नसे.

मुलगा झाला तेव्हा माझ्या माहेरी पाय पसरायला जागा नव्हती, म्हणून सासूबाई गावाहून आल्या. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. त्या माण तालुक्यातल्या. तिकडे पावसाची चौकशी आजारी नातेवाइकासारखी करतात. आमच्या नळाचं पाणी बघून त्यांना आनंद झालाच नाही, त्या घाबरल्या. वाहतं पाणी दिसलं की धावत येऊन तोटी आवळायच्या.

त्यांचा एक नियम मात्र लोखंडासारखा होता. बाळंतिणीनं सव्वा महिना झाला की विहिरीची ओटी भरायची, तोवर पिण्याच्या पाण्याला शिवायचं नाही. आणि विहीर कुठलीही चालत नाही. जिचं पाणी घर पितं, तीच. मी आधी हसण्यावारी नेलं. मग एका दुपारी बाळाला तेल लावता लावता त्यांनी सांगितलं, की यांच्या आधीची त्यांची दोन मुलं रांगायच्या आत गेली. दोन्ही वेळा दुष्काळ होता, विहीर कोरडी होती, ओटी राहिली. यांच्या वेळी विहिरीला पाणी होतं, आणि हे जगले. या हिशेबापुढे कुणाचं काय चालणार?

"हितं विहीर न्हाई घावली तर मी लेकराला आन् तुला गावाला घिऊन जाती," त्यांनी निकाल दिला. त्या वर्षी गावच्या विहिरीत टँकर ओतत होते आणि त्या पाण्यानं निम्मं गाव हगवणीनं आजारी होतं. तान्ह्या बाळाला तिथे न्यायच्या कल्पनेनंच मला धडकी भरायची. यांनी समजावून पाहिलं, पण आईपुढे हे नेहमीच अर्ध्यावर गप्प होत.

जवळच्या शिरवणे गावातली एक मावशी खाडीची कोलंबी घेऊन दारावर यायची. तिला कळलं तेव्हा ती म्हणाली, "आमचे गावान विहीर हाय. ये गो तिथं, त्यान काय!" मला देव भेटल्यासारखं झालं. पण आत्याबाई म्हणाल्या, "ती तुमची. तिचं पानी तुमी पिता, आमी न्हाई."

आणि मग सव्वा महिना भरत आला असताना एका सकाळी आत्याबाई फिरून आल्या त्या उजळल्या चेहऱ्यानं. रस्त्याच्या टोकाला काही माणसं काम करत होती, त्यांनी जमिनीतलं एक गोल लोखंडी झाकण काढलं होतं. आत्याबाईंनी वाकून पाहिलं. खाली गोल, बांधीव, आणि आत उतरायला पायऱ्या.

"पायऱ्यांची विहीर हाय गं! सरकारनं वर झाकान घातलंय, कचरा पडू न्हाई म्हनून."

मला शंका यायला हवी होती, पण आली नाही. चाळीतलं गटार उघडं असे, ते नाकाला आधी कळे. इतकं नेटकं, झाकलेलं काही गटार असू शकतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. नळाचं पाणी कुठूनतरी येतच असणार, तर मग इथूनच येत असेल.

रविवारी हे दूध आणायला गेले आणि आम्ही निघालो. मी हिरवं लुगडं नेसलेली, आत्याबाईंच्या कडेवर बाळ. सगळीकडे मोकळा माळ आणि मधोमध ते झाकण. मी त्यावर पाणी शिंपडलं, हळदीकुंकवाची बोटं ओढली, खण ठेवला, तांदूळ, हळकुंड, सुपारी, नारळ. बाळाचं कपाळ झाकणाला टेकवलं. आत्याबाईंनी डोळे मिटले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. त्यांच्या चेहऱ्यावरची इतक्या वर्षांची भीती उतरताना मी पाहिली.

तेवढ्यात मागून शिरवण्याची मावशी टोपली घेऊन आली आणि थबकली. "अगो बाय, ह्या काय केलंस? ही विहीर नाय. ह्यो गटार हाय, संडासाचा!"

आत्याबाई मटकन रस्त्यावर बसल्या. बाळाला त्यांनी असं आवळलं की ते रडायला लागलं. "गेलं माझं लेकरू," एवढंच त्या म्हणत होत्या. मावशी बिचारी ओशाळली. इतक्यात हे दुधाची किटली घेऊन आले. आधी हसायला तोंड उघडलं होतं, पण आईकडे पाहून मिटलं.

"उघड," आत्याबाई म्हणाल्या. "मला बघू दे, मी लेकराला कशाला टेकवलं ते."

पलीकडे काम करणाऱ्या माणसांना यांनी बोलावलं. मी ओटी बाजूला घेतली. त्यांनी पहार घालून झाकण सरकवलं. आम्ही सगळे वाकलो. गार हवा वर आली, तिला नव्या सिमेंटचा वास होता. तळाशी माणूस वाकून चालत जाईल एवढी गोल वाट, एकीकडून येणारी, दुसरीकडे जाणारी. कोरडी. बाळ रडतच होतं. त्याचा आवाज आत उतरला, लांब कुठेतरी गेला आणि बऱ्याच वेळानं परत आला. तो ऐकून बाळच गप्प झालं. आमच्या पायाखाली एवढं काही होतं आणि मला पत्ताच नव्हता.

"ह्यातनं आजून कायच गेलं न्हाई?" आत्याबाईंनी विचारलं.

"वरच्या बाजूला घरंच नाहीत, आई. जाणार काय?"

"मग एवढं थोरलं कुनासाठी?"

"पुढे येणाऱ्या लोकांसाठी."

"कोन लोक?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही."

"आन् पैसं?"

"आपण दिले," हे म्हणाले. त्या वाक्यात तक्रार नव्हती. पहिल्यांदाच नव्हती.

आत्याबाईंनी पदरानं बाळाचे डोळे पुसले. मग म्हणाल्या, "आमच्याकडं मानूस तहानंनं मरंस्तवर कोन कुदळ मारत न्हाई. हितं न आलेल्याचं घान पानीसुदिक कुठनं जाईल त्याची सोय करून ठिवली." त्यांनी बाळाला माझ्याकडे दिलं आणि उठल्या. "ओटी भरत्यात ती येनाऱ्यासाठीच. बरुबरच भरली तू."

खण-नारळ त्यांनी मावशीच्या ओटीत घातले. मावशी म्हणाली, हे झाकण आहे तिथेच, सरकारनं जमीन घेण्याआधी, त्यांचं भात पिकायचं. मग तिनं यांना विचारलं, "आमचे गावाला कवा येल ह्यो?" ती टोपली उचलून गेली, आणि पुढे दर वेळी कोलंबी देताना तेच विचारत राहिली.

घरी येऊन मी नळाखाली तांब्या भरला आणि आत्याबाईंना दिला. गावी जायचा विषय पुन्हा निघाला नाही. त्या इथेच राहिल्या. रोज सकाळी नातवाला घेऊन त्या झाकणापर्यंत जायच्या, वाकून कान लावायच्या आणि परत यायच्या. मी चिडवायची, "आत्याबाई, आज काय म्हणतंय गटार?" "गप हाय," त्या म्हणायच्या.

माळावर हळूहळू इमारती आल्या, गॅलऱ्यांत कपडे वाळायला लागले. मुलगा शाळेत जायला लागला होता, तेव्हा एका सकाळी आत्याबाई धापा टाकत आल्या आणि हाताला धरून मला घेऊन गेल्या. मी झाकणाला कान लावला. खाली पाणी वाहत होतं, न थांबता.

"आले गं," आत्याबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते. "समदी आली."

मग त्यांनी कमरेची हळदीकुंकवाची डबी काढली आणि गुडघे टेकून झाकणावर दोन बोटं ओढली. या वेळी ते काय आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.