डावा घास

माझा उजवा हात मुरबाडच्या एका भातगिरणीत गेला, तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो. पंचावन्न-छप्पन साल असेल. गिरणी तेलाच्या इंजिनावर चालायची. चाकावरचा पट्टा घसरला की आधी इंजिन बंद करायचं, मग पट्टा चढवायचा, अशी रीत होती. पण एकदा थांबलेलं इंजिन पुन्हा धरायला फार वेळ खायचं, आणि बाहेर भाताच्या गाड्या खोळंबलेल्या असायच्या. म्हणून सगळेच गडी चालत्या चाकावर पट्टा चढवत. मीही चढवायचो. त्या दिवशी सदऱ्याची बाही पट्ट्यात आली. पुढचं मला धड आठवत नाही. कुणाच्या तरी ट्रकमधून मला कल्याणला नेलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी मनगटाच्या चार बोटं वर हात कापून टाके घातले.

दुखणं होतं, पण ते सरलं. लाज सरली नाही. ती टोकावड्याच्या अलीकडे आमच्या घरी पहिल्याच जेवणाला माझ्या पानासमोर येऊन बसली. आपल्याकडे डावा हात कशासाठी असतो ते सांगायला नको. सकाळी लोटा घेऊन ओढ्याकडे जायचं ते त्याच हाताच्या भरवशावर. आता तोच हात ताटात घालायचा? मी कितीही राख लावून तो घासला, तरी तो तोंडाशी नेववेना. मग आई भरवू लागली. मिसरूड फुटलेला मी भिंतीला टेकून बसायचो आणि आई आमटीभाताचे लहान लहान घास करून माझ्या तोंडात घालायची. त्या वेळी वहिनी मुद्दाम परसात जायची. थोरला भाऊ खाली मान घालून जेवायचा.

त्या उन्हाळ्यात शहापूरला मामाच्या मुलीचं लग्न निघालं. मला जायचं नव्हतं. मामा स्वतः येऊन बसला, म्हणाला, "तू नाय आलास तर लोक इचारतील, भाचा का नाय आला. मी काय सांगू?" शेवटी गेलो; भावाची मुलगी तापातून नुकती उठली होती, म्हणून आई तिच्यापाशी घरी राहिली. अंगावर उपरणं घेतलं आणि त्याखाली हात झाकला.

मंडपात पंगत बसली. मी अगदी टोकाचं पान धरलं. भात पडला, वरण पडलं. कुणाचं लक्ष नाही असं बघून मी डाव्या हाताने एक घास उचलला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी आपली पत्रावळ वीतभर पलीकडे ओढली.

"पोरा," ते म्हणाले, "घरी शिकवलं नाय का कोणी? पंगतीत असं जेवतात?"

मी उपरणं बाजूला केलं.

म्हाताऱ्यांनी पत्रावळ पुन्हा जवळ ओढली. मग त्यांना फार वाईट वाटलं असावं. त्यांनी मोठ्याने हाक मारली, "अरे, कोणी बायमाणूस हाये का हिकडं? ह्या पोराला भरवा. हात नाय त्याला."

सगळी पंगत माझ्याकडे वळली. वाढपी हातातली वाटी तशीच धरून उभे राहिले. मामी धावत आली, माझ्यासमोर उकिडवी बसली आणि डोळ्यांना पदर लावत मला भरवू लागली. "खा रे बाबा, खा. लाजू नको." मंडपाच्या पलीकडून नव्या नवरीच्या मैत्रिणी बघत होत्या. मी चार-पाच घास गिळले. ते म्हातारे रागावले होते तेच बरं होतं, असं मनात आलं. रागाला मान खाली घालता येते. दयेपुढे तोंड उघडावं लागतं.

हात धुवायचा बहाणा करून मी उठलो आणि किन्हवलीच्या वाटेला लागलो. वाटेत एक बैलगाडी मिळाली, मग सरळगावाहून एसटी. घरी पोचलो तर आईने विचारलं, "एकटाच आलास? पोरीला लावलंस ना वाटेला?" मी म्हणालो, वाढ, भूक लागली. ती ताट घेऊन आली आणि सवयीने समोर बसली. मी म्हणालो, "ताट ठेव आणि तू जा."

तिने माझ्याकडे पाहिलं. ताट ठेवलं, बाहेर गेली, दार ओढून घेतलं. फटीतून मला तिची पाठ दिसत होती. ती ओट्यावर दाराला टेकून बसली होती. भावाची मुलगी आत येऊ लागली तेव्हा तिने तिला मांडीवर ओढलं. "आता नको जाऊस गो, थांब जरा."

आत मी डाव्या हाताने जेवलो. भात मांडीवर सांडला, आमटी कोपरापर्यंत ओघळली. अर्धं ताट टाकून उठलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. आई रोज तशीच दारात बसायची. पावसाळा लागेपर्यंत मी ताट स्वच्छ करू लागलो होतो, पण दार लावूनच.

भाताच्या आवणीच्या दिवसांत सगळं घर शेतात, आणि एका हाताने ना रोप काढता येत ना लावता येत. भाऊ म्हणाला, तू गुरं बघ. मी गुरं घेऊन माळावर जायचो. माझी सातवी झालेली होती, अक्षरही चांगलं होतं. आता त्या अक्षराचं काय, म्हणून मी एका सपाट कातळावर कोळशाने लिहून बघू लागलो. डाव्या हाताने काढलेली अक्षरं उलटी यायची. आरशात दिसावा तसा 'क'. पण पाऊस आला की कातळ धुऊन जायचा आणि आपलं वेडंवाकडं कुणाला दिसायचं नाही, हे मला फार सोयीचं होतं. भाद्रपदात केव्हा तरी अक्षरं सरळ उभी राहिली.

माळाच्या वर ठाकर आदिवासींची वाडी होती. तिथला एक माणूस लाकडाची मोळी घेऊन त्या वाटेने उतरायचा. एक दिवस तो मोळी टाकून कातळापाशी उभा राहिला.

"काय लिवलंय?"

मी गावांची नावं वाचून दाखवली. टोकावडे, वैशाखरे, मुरबाड.

"आमच्या पोरांना शिकवशील? वाडीत शाळा नाय. खाली यायला पोरं भेतात."

मी म्हणालो, "मला एक हात आहे."

"शिकवायला तोंड लागतंय," तो म्हणाला आणि मोळी उचलून गेला.

मी गेलो, याचं कारण धाडस वगैरे नव्हतं. गावातल्या ओळखीच्या नजरांपासून लांब जायला एक जागा मिळाली, म्हणून गेलो. वाडीत त्यांनी कुडाची एक खोपी उभी केली. दहा-बारा मुलं यायची. दुपारचं मी घरून बांधून आणलेलं खायचो, तेही खोपीच्या मागे, करवंदीच्या जाळीआड, मुलांकडे पाठ करून.

त्या माणसाची मुलगी सात-आठ वर्षांची होती. पहिल्याच आठवड्यात तो तिला धरून माझ्याकडे आला. तिचा डावा हात लुगड्याच्या चिंधीने कमरेशी बांधलेला होता.

"मास्तर, ही डावरी हाये. समदं डाव्या हातानं करते. ही खोड मोडा. डाव्यानं लिवू देऊ नका."

तो माझ्या तुटक्या हाताकडे बघून शांतपणे म्हणाला, "तुमचा इलाज नाय. हिला दोन हात हायेत. उद्या सासरी डाव्या हातानं वाढील, लोक काय म्हणतील?"

तो मला दुखवायला बोलत नव्हता. माझे मात्र कान तापले. मी मान हलवली आणि मुलीला उजव्या हातात पेन्सिल दिली. चार दिवस ती पाटीवर ओढत राहिली. रडायची नाही, फक्त ओठ आत घ्यायची. पाचव्या दिवशी मी तिची पाटी हातात घेतली. त्यावर 'क' होता, उलटा, अगदी माझ्या कातळावरचा.

मी तिथेच बसून चिंधीची गाठ सोडू लागलो. एका हाताने सुटेना, तेव्हा दातांनी सोडली. तिने हात दोनदा झटकला, पेन्सिल डाव्या हातात घेतली आणि एका दमात सरळ 'क' काढला. मग माझ्याकडे भीतीने बघितलं. घरी काय होईल ते तिला ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, आणि हेही कळत होतं की नुसती गाठ सोडून माझं काम झालेलं नाही.

दुपारी मी तिच्याबरोबर तिच्या घरी गेलो. तिचा बाप भाकरी खायला बसत होता. मी म्हणालो, "आज तुमच्यात जेवतो."

आमच्या गावचे लोक वाडीत पाणी प्यायचे, जेवायचे नाहीत. ते माझ्या मनात आलंही नाही. त्या वेळी माझं सगळं चित्त हातावर होतं. घरातली म्हातारी, दोन बाया, शेजारची चार माणसं कौतुकाने दारात जमली. नागलीची भाकर आणि उडदाची आमटी पुढ्यात आली. मी मुलीला शेजारी बसवलं. मंडपातला तो एक घास सोडला, तर अपघातानंतर मी माणसांसमोर आपल्या हाताने कधी जेवलोच नव्हतो. मी डाव्या हाताने भाकरी मोडली, आमटीत बुडवली, खाल्ली. मग मुलीला म्हणालो, "जेव."

तिने बापाकडे पाहिलं. बाप तिच्या सुटलेल्या हाताकडे, मग माझ्या हाताकडे बघत राहिला. शेवटी तो बायकोला म्हणाला, "आमटी वाढ गो मास्तरला." मुलगी जेवू लागली. कोणत्या हाताने, हे मी मुद्दाम पाहिलं नाही.

पुढे त्या खोपीची स्कूल बोर्डाची शाळा झाली आणि मी पगारी शिक्षक झालो. साठ सालानंतर एकदा तपासणीला आलेले साहेब मुलांना म्हणाले, बघा, तुमच्या गुरुजींनी संकटाचं सोनं केलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी हात बाहीत ओढून घेतला. हात गेला नसता तर मी गिरणीतच राहिलो असतो, फळ्यापाशी पोचलो नसतो, हे खरं आहे. कोण किती लाजतंय हे मला पोरांच्या मानेवरून ओळखता येतं, तेही त्याच हातामुळे. पण सोनं करणाऱ्या माणसाला आपण काय करतोय ते कळत असावं. मी तर एका लाजेतून पळायला गेलो आणि दुसरीत सापडलो, आणि दर वेळी तिथून बाहेर पडायला जी एकच वाट होती ती धरली. टाळ्या ऐकताना मंडपातले घास आठवत होते.

ती मुलगी चौथीपर्यंत शिकली. तिच्या अक्षरासारखं अक्षर वाडीत दुसऱ्या कुणाचं नव्हतं. लग्न होऊन वैशाखऱ्याकडे गेली. दोन-तीन वर्षांनी मुरबाडच्या बाजारात भेटली. कडेवर पोर होतं. पाया पडली, सासरचं बरं चाललंय म्हणाली. मग थोडं थांबून, इकडेतिकडे बघत म्हणाली, "गुरुजी, सासरी मी उजव्यानंच जेवते. घरात कोणी नसलं का मग डाव्यानं."

मी म्हणालो, "पोराला शाळेत घाल." ती हो म्हणाली. तिची एसटी लागली होती.