समजा, ते अवलंबून आहेत

समस्त सुशिक्षित जनांस जाहीर करण्यात येते की, रेषीय बीजगणित हा अतिशय पवित्र विषय असून तो शिकण्याआधी सरांच्या घरची पाण्याची टाकी भरून द्यावी लागते.

हसू नका. आमच्या कॉलेजात हाच रिवाज होता.

बीड जिल्हा, दुष्काळ. साखर कारखाना सहकारी, कॉलेज कारखान्याच्या चेअरमनचं, गणिताचे सर चेअरमनचे जावई. एवढा सहकार एकाच घरात मावलेला मी पुन्हा पाहिला नाही. पुढच्या बाकांवर संचालकांची पोरं. मागं आम्ही, ऊसतोड्यांची. तास रंगात आला की कारखान्याचा टँकर फाटकाशी हॉर्न द्यायचा. सर खडू खाली ठेवायचे.

"चला, कोयते उठा."

आमच्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम माणसं अशीच मोजतो. एकटा माणूस अर्धा कोयता. वर्गात आमची मोजदाद तीच.

आम्ही उठायचो. घागर खांद्यावर, फाटक ते सरांचा बंगला. परत येईतो फळा पुसलेला. परिणाम असा की मला सगळी प्रमेयं तोंडपाठ, आणि सिद्धता एकाचीही येत नाही. असा पंडित धारूरच्या घाटात शोधून सापडायचा नाही!

त्या हंगामात ऊसतोडीच्या फडावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे आमच्या झोपडीत, मी एकच प्रमेय घेऊन बसलो होतो. मॅट्रिक्स सगळ्या बाणांना फिरवतं, पण काही बाण आपली रेघ सोडत नाहीत. ते आयगेन व्हेक्टर. त्यांच्या आयगेन व्हॅल्यू, म्हणजे ते किती पट ताणले जातात ते आकडे, वेगवेगळ्या असल्या तर ते एकमेकांवर अवलंबून नसतात. का नसतात? पुस्तकातलं इंग्रजी मला दाद देईना. सर शिकवतील या आशेवर मी फडावरून परत आलो.

आल्या दिवशीच घागर. बंगल्यामागं मी ओतलेल्या पाण्यानं गडी टायगर कुत्र्याला आंघोळ घालत होता. साबणाचा फेस नालीपर्यंत. ओट्यावरून सरांच्या बाईसाहेब गड्याला म्हणाल्या, "कानामागं नीट ओत रे. पाणी भरपूर आहे."

आमच्या वस्तीवर आई भांडी राखेनं घासून नुसती फडक्यानं पुसायची.

मला किळस आली. कुत्र्याची नव्हे, ते बिचारं देखणं होतं. त्या फेसाची. त्या 'भरपूर'ची. माझ्या ओल्या खांद्याची.

दुसऱ्या दिवशी सरांनी माझं प्रमेय काढलं. फळ्यावर पहिली ओळ लिहिली: समजा, ते अवलंबून आहेत. जे खोटं पाडायचं तेच आधी खरं धरायचं, अशी ती रीत.

हॉर्न वाजला.

"कोयते उठा."

बाकीचे उठले. मी पेन धरून बसून राहिलो.

पुढच्या बाकावरून संचालकाचा पोरगा वळला. "उठ की बे. टायगरला घाम आलाय."

वर्ग खिदळला. सरही हसले. गणिताचा माणूस, आणि इतकं घाणेरडं हसला. मग जवळ आले. "काय रे अर्ध्या कोयत्या, ऐकू येत नाही? इंटर्नलचे मार्क माझ्या हातात आहेत. नापास व्हायचंय?"

नापास म्हणजे पुन्हा फड, कायमचा. पण उठलो असतो तर आयुष्यभर पहिल्याच ओळीवर राहिलो असतो. एवढं त्या क्षणी लख्ख कळलं, आणि तोंडातून निघून गेलं,

"करा नापास. मी उठत न्हाई. फुडली ओळ लिवा, सर."