वाहत्या पाण्याला दोष न्हाई

संडासात फिनेल ओतलं की मला आत्याची बादली आठवते. पुण्याहून मी मांडवगणला तिच्याकडे गेले होते आणि खोकला काही केल्या हटत नव्हता. खोकल्यावर खेकड्याचा रस्सा, हे तिचं ठरलेलं. भीमेच्या काठच्या दगडांखाली हात घालून तिनं दहाबारा खेकडी धरली. घरी येऊन खेकड्यांच्या बादलीत बोअरचं पाणी ओतलं, तसा वर फेस धरला आणि वास आला तो थेट आमच्या सोसायटीच्या ड्रेनेजचा. मी म्हणाले, "आत्या, पुण्याची गटारं भीमेच्याच पाण्यात येतात गं." "वाहत्या पाण्याला दोष न्हाई, पोरी," म्हणत तिनं खेकडी पाट्यावर ठेचली. रश्श्याची वाटी हातात आली, तिची पाठ वळताच मी ती परसात ओतली. उरलेला रस्सा टाकवेना म्हणून तिनं भाकरी कुस्करून खाल्ला. दोन दिवसांनी उलट्या-जुलाबांनी ती दौंडच्या दवाखान्यात, हाताला सलाईन. मला बघून खोल गेलेल्या आवाजात विचारलं, "तुला गुण आला का गं रश्श्यानं?" मी म्हणाले, "व्हय." आजही फ्लश ओढते, पाणी गरगरत खाली जातं, आणि ते कुणाच्या दारात चाललंय हे मला ठाऊक असतं.