नावं पुसणाऱ्यांची शोकसभा

सुनंदा काल गेली. आणि ज्यांनी तिला वेड्यात काढलं, तेच आज 'विदुषी हरपली' म्हणून पोस्टी टाकताहेत.

एकाने तर 'सुनीताताई' लिहिलंय. खाली ढीगभर जोडलेले हात.

म्हणून ही पोस्ट. गोड बोलणं मला कधी जमलं नाही, आज तर मुळीच जमणार नाही.

सुनंदा आणि मी अमरावतीला लायब्ररी सायन्स एकत्र शिकलो. मी कॉलेजात ग्रंथपाल झाले. ही बाई पीएच.डी.ला बसली.

विषय काय? लोक लायब्ररीत येऊन पुस्तक कसं मागतात, कसं शोधतात.

नातेवाईक विचारायचे, "यात रिसर्च करण्यासारखं काय आहे?" ती नुसती हसायची. मला मात्र त्यांच्या चहात मीठ टाकावंसं वाटायचं.

अभ्यासासाठी तिने अकोल्याची एक जुनी लायब्ररी निवडली. वऱ्हाड सी.पी.ला, म्हणजे इंग्रजांच्या मध्य प्रांताला जोडलेला होता, त्या काळातली. पुस्तकांच्या पहिल्या पानावर अजून 'सी. पी. अँड बेरार'चे शिक्के सापडतात.

तेव्हा गावातल्या वकिलांनी, देशमुखांनी, भटजींनी घरची पुस्तकं आलमारीसकट दिली होती. आलमारीच्या कपाळावर रंगाने घराण्याचं नाव. विषयबिषय काही नाही. वकिलांच्या आलमारीत कायदा आणि नाटकं शेजारी शेजारी. भटजींच्या आलमारीत पुढे पोथ्या आणि मागे रहस्यकथा.

आणि गावाला हे सगळं पाठ.

सुनंदा बडनेऱ्याहून गाडी पकडून जायची आणि काउंटरजवळ स्टुलावर बसून लोकांचं बोलणं ऐकायची. गोदाकाकू म्हणून एक शेतकरी घरातल्या बाई नेहमी यायच्या.

"भटजीच्या आलमारीतलं द्या वो. खालच्या खणातलं."

"पुस्तकाचं नाव काय, काकू?" सुनंदाने विचारलं.

"नाव मले काय माईत? आलमारी माईत हाये."

आणि पुस्तक लगेच मिळालं.

सुनंदाचा अख्खा प्रबंध काकूंच्या या वाक्यावर उभा होता. तिचं म्हणणं एवढंच की, माणूस ज्या खुणेनं पुस्तक शोधतो ती खूण मोडू नका. विषय लावा, नंबर लावा, पण खूण राहू द्या.

मग लायब्ररीत कॉम्प्युटर आला. आणि त्याच्यासोबत नवे अध्यक्षसाहेब आले.

साहेबांबद्दल काय सांगू? लायब्ररीचं कार्ड नसलेले लायब्ररीचे अध्यक्ष. त्यांना सगळं 'सायंटिफिक' पाहिजे होतं. पुस्तकं नंबर घालून नव्याने लावली, इथवर ठीक.

पण उद्घाटनाला पाहुणे येणार म्हणून त्यांनी सगळ्या आलमाऱ्यांना एकसारखा राखाडी ऑइल पेंट फासला. नावांवरून.

सुनंदा प्रबंध घेऊन धावली. मी सोबत होते.

"साहेब, पुस्तक कोणत्या आलमारीतलं होतं, एवढी एक नोंद कॉम्प्युटरमध्ये ठेवा. बाकी तुमच्या मनासारखं करा."

साहेबांनी प्रबंध उघडला नाही. त्यावर चहाचा कप ठेवला.

"ताई, जग कुठं चाललं अन् तुमी आलमाऱ्या घेऊन बसल्या! लोकायले नंबरची सवय होते बराबर."

झाली ना सवय. न येण्याची.

गोदाकाकू आल्या, तर काउंटरवरचा म्हणाला, "लेखक सांगा, नाहीतर विषय सांगा." काकूंनी त्या राखाडी रांगेकडे पाहिलं.

"सगळ्या सारख्याच करून ठेवल्या बाप्पा," एवढंच म्हणाल्या, हातातलं पुस्तक परत केलं आणि गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

सुनंदा त्या दिवशी लायब्ररीच्या पायरीवर बसून रडली. मी साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागले, तर मलाच म्हणते, "तू काहून एवढी तापून राहिली वं? त्या माणसानं कधी पुस्तक शोधलंच नाही. त्याले कसं समजन?"

तिला राग धरता यायचा नाही. मला येतो. तिच्या वाट्याचाही मीच धरलाय.

तो कॉम्प्युटर? आहे ना. कव्हर घालून बसलाय. दसऱ्याला त्याला हळदकुंकू लागतं. माणसांना पुस्तक मिळवून देण्यापेक्षा पूजा करून घेणं त्याला बरं जमतं. अगदी अध्यक्षांवर गेलाय.

शेवटच्या आजारपणातही सुनंदाच्या मनात तेच. दवाखान्यात माझा हात धरून विचारलं, "तो रंग खरवडला तर खाली नावं असतीन ना वं?"

मी म्हटलं, "असतीन." मला तरी काय माहीत? पण दुसरं काय बोलणार होते?

आज सकाळी साहेबांचा फोन आला. रविवारी लायब्ररीत शोकसभा आहे. सुनंदाच्या भावाने तिची सगळी पुस्तकं तिथे द्यायचं ठरवलंय.

"मॅडम, ताईसाठी स्पेशल आलमारी करून राहिलो आपण. वर मोठ्ठ्या अक्षरात ताईचं नाव टाकतो."

मी विचारलं, "आणि नंबर?"

"नंबर कायले पाह्यजे, मॅडम? लोकं नावानंच विचारतीन ना! ताईची आलमारी कोनती म्हणून."

मला हसू आलं आणि त्याच दमात रडूही. ज्या प्रबंधावर यांनी कप ठेवला, तोच मला फोनवर ऐकवत होते. आणि त्यांना पत्ताही नाही.

रविवारी मी जाणार आहे. भाषण करणार नाही. हार-फुलं, विदुषी-बिदुषी ते मंचावरून वाहतीलच.

मी पर्समध्ये काचपेपर घेऊन जातेय. ज्यांना सुनंदाबद्दल खरंच काही वाटतं, त्यांनी आपापला आणा. भटजींच्या आलमारीपासून सुरुवात करू.

जाय वं सुनंदा, निवांत.

खाली नावं आहेत का, ते बघून सांगते तुला.